कमावलेली वाफ

कोइवुरांता गावात साइमी तिर्कोनेनबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. एक, ती लोकांचे हात आवळायची. दोन, तिचा साखरपुडा मोडला तो त्याच कारणाने. दुसरी गोष्ट खरी की खोटी, देव जाणे. पण बेकरीवाल्या सिर्पाने ती इतक्या वेळा, इतकी रंगवून सांगितली आहे की आता ती खोटी ठरली तर निम्म्या गावाची सकाळची कॉफी बेचव होईल. म्हणे साइमीने त्या बिचाऱ्या इंजिनिअरला जेवायला बोलावलं, मेणबत्ती लावली, मासा वाढला, आणि तो तिचा हात हातात घ्यायला पुढे सरकला तेवढ्यात हिने त्याच्याच हाताला पट्टा गुंडाळला. "पाच मिनिटं हलू नकोस." तो हलला नाही. पट्टा सुटल्यावर मात्र जो हलला, तो थेट उत्तरेला औलू शहरात नोकरी धरूनच थांबला.

हात आवळणं हे साइमीचं शास्त्र होतं. पट्ट्याने हात गच्च आवळायचा, रक्त अडवून धरायचं, थोड्या वेळाने एकदम सोडायचं, आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बघायचं, की धावत परत आलेल्या रक्ताला वाट करून द्यायला दंडातली धमनी किती पसरते. चांगली पसरली तर रक्तवाहिनी धडधाकट. हटून बसली तर पुढेमागे त्रास देणार. आता तरुण पोरांनी वजनं उचलली तर या पसरण्यावर काय परिणाम होतो, आणि जड वजन बरं की हलकं, या प्रश्नावर ती गावातल्या विद्यापीठात डॉक्टरेट करत होती.

हे झालं विद्यापीठाला सांगायचं. खरं कारण जुन्या पोहण्याच्या तलावाखाली, तळघरातल्या तालमीत, लाकडी स्टुलावर बसलेलं असायचं. त्याचं नाव एन्सियो तिर्कोनेन. साइमीचा बाप.

एन्सियोने आयुष्य कागद गिरणीत काढलं आणि संध्याकाळी तालमीत. बायको गेल्यावर तर तो घरी फक्त झोपायला आणि मांजराशी भांडायला जायचा. तालीम कामगार मंडळाची, पण किल्ली एन्सियोची, आणि किल्लीबरोबर नियमही एन्सियोचे. त्यातला पहिला नियम त्याच्या आधीच्या किल्लीवाल्यापासून चालत आलेला, कुठे लिहिलेला नाही, पण दगडावर कोरल्यासारखा: वाफ कमवावी लागते. तालमीच्या मागच्या खोलीत सॉना होता, म्हणजे लाकडी फळ्यांवर बसून, तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची जागा. जो लोखंडी बार वाकेल इतकं जड वजन उचलेल, त्याने त्या दिवशी सॉनाच्या फळीवर बसावं. बाकीच्यांनी आपापल्या घरी जावं आणि तिथे हवं तेवढं उकडून घ्यावं.

दोन हिवाळ्यांपूर्वी हाच एन्सियो बार खांद्यावर घेताना पांढराफटक पडून खाली बसला होता. रक्तदाब. डॉक्टरणीने सांगितलं, "जड बंद. हलकं उचला, रोज उचला, मजेत जगा." एन्सियोच्या कानात "जड बंद" तेवढं शिरलं, पुढचं सगळं दुसऱ्या कानाने बाहेर. हलकं वजन उचलणं म्हणजे त्याच्या मते कपाटावरची धूळ झटकणं. मग त्याने काहीच उचलणं सोडलं. गोळ्या घ्यायचा, वेलदोड्याचे पाव खायचा, स्टुलावर बसून दुसऱ्यांची पाठ सरळ करायचा. सॉनाची चूल मात्र स्वतः पेटवायचा, दगड तापवायचा, पाण्याची बादली भरून ठेवायचा, आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसायचा.

"तू नाही जात आत?" साइमीने एकदा विचारलं होतं.

"उकडतं मला हल्ली," एन्सियो म्हणाला. जन्मभर सॉनात सगळ्यात वरच्या फळीवर बसलेला माणूस. पण साइमीच्या डोक्यात तेव्हा धमन्या होत्या. तिने ते सोडून दिलं.

"बाबाला पुरावा लागतो," ती सिर्पाला म्हणाली होती. "आणून देते पुरावा."

तर पुरावा आणायला साइमीने विद्यापीठातली तरुण मुलंमुली गोळा केली. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. एक जड गट: जेमतेम एकदाच उचलता येईल अशा वजनाच्या जवळपासचं वजन, मोजक्याच वेळा. दुसरा हलका गट: छोटं वजन, पण दंड भरून येईपर्यंत, पुन्हा पुन्हा. सगळ्यांनी पूर्ण पानगळभर तालमीत यायचं. हलक्यांनी दुपारी, जडांनी त्यांच्यानंतर, कारण बार आणि त्यावर चढवायच्या जड चकत्या दोन्ही गटांना एकदम पुरणाऱ्या नव्हत्या. आधी सगळ्यांच्या धमन्या मोजायच्या, शेवटी पुन्हा मोजायच्या. तालीम बापाची का निवडली? जागा फुकट, आणि दुसरं म्हणजे बापाच्या डोळ्यांदेखत त्याची जिरवायची होती.

साइमी कडक होती, याबद्दल शंका नको. मोजणीच्या आदल्या दिवशी बिअर नाही, तंबाखूची पुडी ओठाखाली नाही, सॉना नाही, आणि सकाळी कॉफी नाही. या शेवटच्या अटीवर तर पोरं अशी विव्हळली की जणू कुणी रक्तच मागतंय. येरे नावाचा एक आडदांड मुलगा, शिकतो पूल बांधायचं आणि दिसतो स्वतः पुलासारखा, तो म्हणाला, "साइमी, कॉफीशिवाय माझी धमनी उठणारच नाही. झोपून राहील."

"झोपलेली मोजीन," साइमी म्हणाली.

तिने प्रत्येकाला सगळं विचारलं होतं. झोप किती, सायकल किती, भाजी किती. "सॉनाला किती जातोस?" हेही विचारलं. प्रत्येकाने उत्तर दिलं, "नेहमीसारखं." आणि साइमीने मान डोलावली. जिथे घरोघरी सॉना असतो त्या देशात जन्मलेल्या माणसाला "नेहमीसारखं" याचा अर्थ विचारावासा वाटत नाही. श्वास किती घेतोस, तर नेहमीसारखा. एवढं बोलून ती भाजीवर गेली होती.

पानगळभर एन्सियोने काय करमणूक करून घेतली म्हणता! हलका गट आला की तो स्टूल पुढे ओढायचा.

"या या, धूळ झटकणारे आले! इल्मा, ते डंबेल जपून ग, वाऱ्याने उडेल."

इल्मा परिचारिकेचं शिक्षण घेणारी, बुटकी, लालसर केसांची आणि जिभेची तिखट. ती हात हलवता हलवताच म्हणायची, "आजोबा, तुमचं पोट उचलायचंय का? ते जड गटात जाईल."

"पोट नाही ते. गोदाम आहे. ताकद साठवलीय."

"किती सालची?"

जड गट आला की म्हाताऱ्याचा चेहराच बदलायचा. स्टूल विसरायचा, कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, कुणाची टाच उचलली की ओरडायचा, बार नीट वर गेला की डोळे मिटायचा. आणि सगळं झालं की त्यांच्याकडे बघून हनुवटी मागच्या दाराकडे करायचा. बस, एवढंच. आधी मुली जायच्या, मग मुलगे. मुलींबरोबर साइमीही जायची. सबंध दिवस पडद्याकडे बघून तिच्या मानेत गोळे आलेले असायचे. वरच्या फळीवर बसायचं, दगडांवर पळीभर पाणी टाकायचं, आणि त्या वाफेत डोकं शांत ठेवून विचार करायचा, की आपल्या प्रयोगात कुठे काही गफलत तर राहून जात नाहीये ना.

हो. तिथेच बसून विचार करायची.

मग शेवटची मोजणी झाली, आणि आकडे आले. साइमीने ते बघितले, यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा बघितले. हलक्या गटाच्या धमन्या होत्या तिथेच, फार तर केसभर पुढे. आणि जड गटाच्या? येरेची धमनी तर अशी ऐसपैस पसरली होती की जशी काही पाहुण्यांना जागा करून देतेय. जड गट नुसता पुढे नव्हता. हलक्याला मागे टाकून नजरेआड झाला होता.

साइमीची चिडचिड सुरू झाली ती तेव्हापासून. तिने आधी यंत्रावर संशय घेतला. मग खोलीच्या तापमानावर. मग येरेवर.

"कॉफी प्यायलास ना?"

"आईशपथ नाही."

"तंबाखू?"

"साइमी, मी त्या दिवशी दात घासतानासुद्धा घाबरत होतो."

प्राध्यापिका वुओक्को लिंडरोस, साइमीची मार्गदर्शक, हिला मात्र आनंद झाला. वुओक्कोबाईंना आनंद झाला की त्या खिडकीतल्या कुंडीला पाणी घालतात. त्या दिवशी कुंडी वाहायला लागली. "अनपेक्षित निष्कर्ष!" त्या म्हणाल्या. "लोकांना हेच आवडतं. वसंतात प्रबंध दे. तुझी मुदत तेव्हाच संपतेय, म्हणजे सगळं जुळून आलं."

"पण मला पटत नाहीये."

"आकडे तुला पटावेत म्हणून नसतात, साइमी."

वुओक्कोबाईंच्या तोंडून ही बातमी गावच्या वर्तमानपत्रापर्यंत कशी गेली ते सिर्पाला विचारा; बाईंचा मेहुणा तिथे कामाला आहे. मथळा आला: "जड लोखंड, मोकळं रक्त". एन्सियोने ते कात्रण कापलं, तालमीच्या भिंतीवर ऐन दारासमोर चिकटवलं, आणि बेकरीत जाऊन सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने कॉफी पाजली. हा प्रसंग त्याआधी कधी घडल्याचं कुणाला आठवत नाही.

इथवर ठीक होतं. बाप जिंकला, मुलगी हरली. असं होतं घराघरांत. पण दुसऱ्या दिवशी साइमी तालमीत गेली तर एन्सियो स्टुलावर नव्हता. बारापाशी होता. हाताला खडू लावत होता.

"बाबा!"

"काय?"

"काय करतोयस?"

"तूच सिद्ध केलंस ना? मी फक्त वाचलं." आणि त्याने कात्रणाकडे बोट दाखवलं.

"ते पोरांबद्दल आहे! विशीतल्या पोरांबद्दल! तुझा रक्तदाब…"

"रक्तवाहिनी ती रक्तवाहिनी. माझ्या काय रबराच्या आहेत?"

"डॉक्टरणीने नको म्हटलंय."

"डॉक्टरीण शिकलेली आहे. तू तिच्याहून जास्त शिकलेली आहेस. मी तुझं ऐकतोय, पोरी. आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय, तर तेही नको म्हणतेस."

आणि त्याने उचललं. फार जड नाही, त्याच्या जुन्या हिशेबाने तर नाहीच. पण त्याच्या कपाळावरची शीर साइमीला दाराजवळून दिसली. त्या संध्याकाळी एन्सियो सॉनात गेला. वरच्या फळीवर. बाहेर आला तेव्हा लालबुंद होता आणि इतका खूश की बाहेरच्या बर्फात उघड्या अंगाने उभा राहून त्याने येरेला गिरणीतल्या संपाची पूर्ण कथा ऐकवली. साइमी गाडीत बसून स्टिअरिंगवर मूठ आपटत होती. बापाने हलकं उचलावं, जगावं, एवढ्यासाठी हा खटाटोप मांडला. आणि त्याला पुन्हा बाराखाली नेऊन उभं केलं ते तिनेच, आपल्या आकड्यांनी.

तिने त्याला समजावलं, ओरडली, बोलणं बंद केलं. त्या घरात बोलणं बंद केलेलं कळायलाच वेळ लागतो, त्यामुळे तोही उपाय वाया गेला. एन्सियो दर वेळी एक छोटी चकती जास्त चढवत होता.

मग एक दिवस इल्मा विद्यापीठात तिच्या खोलीत आली. बसली नाही. जाकीटही काढलं नाही.

"पेपरात वाचलं," ती म्हणाली. "म्हणजे आम्ही पानगळभर हात झिजवले ते फुकट?"

"फुकट नाही ग. शास्त्रात नकारार्थी उत्तरही…"

"ते शास्त्र तुझ्यापाशी ठेव. त्यांना ताकद मिळाली, धमन्या मिळाल्या, पेपरात नाव मिळालं. वर दर वेळी सॉना. आणि आम्ही घामेजलेल्या अंगाने बसच्या थांब्यावर कुडकुडत. निदान तो तरी सारखा द्यायचास."

"काय सारखा द्यायचा?"

"सॉना."

"तुम्ही नव्हता जात सॉनात?"

"म्हाताऱ्याने जाऊ दिलं तर ना! मी पहिल्याच दिवशी दार उघडलं, तर म्हणाला, काय उचललंस म्हणून आत जातेस? धूळ झटकणाऱ्यांनी घरी अंघोळ करावी. आमच्या वसतिगृहात सॉना आठवड्यातून एकदा मिळतो. ते लोक पानगळभर, दर खेपेला जात होते. साइमी? तुला बरं नाही का वाटत?"

साइमीला बरं नव्हतंच वाटत. वाफेत बसलं की काय होतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. अंग तापतं, रक्तवाहिन्या सैलावतात, पसरतात. रोज पसरल्या तर पसरायची सवय लागते. हे तिने स्वतः विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. म्हणून तर मोजणीच्या आदल्या दिवशी सॉनाबंदी केली होती! आदला दिवस सांभाळला, आणि अख्खी पानगळ हातातून सोडली. जड गटाच्या धमन्या लोखंडाने मोकळ्या केल्या की वाफेने? हे आता कुणी सांगू शकणार नव्हतं. आणि ती स्वतः तिथे वरच्या फळीवर बसलेली होती, दर वेळी, जड गटाच्या मुलींच्या मांडीला मांडी लावून, हातात पळी घेऊन. समोर अर्ध्या मुली नव्हत्या, आणि तिला कधी विचारावंसं वाटलं नाही, की बाकीच्या कुठेत.

"नेहमीसारखं," ती पुटपुटली.

"काय?"

"काही नाही. तू बरोबर बोललीस. आता जा, नाहीतर मी काहीतरी फोडीन."

वुओक्कोबाईंनी ऐकलं, आणि कुंडीला पाणी घातलं नाही. "प्रबंधात एक ओळ टाक," त्या म्हणाल्या. "मर्यादा म्हणून."

"ही मर्यादा नाहीये, वुओक्को. माझ्या प्रयोगात दोन प्रयोग होते, आणि एक माझ्या बापाने केला."

"मग सगळं परत करावं लागेल. मुदत वाढवून मागावी लागेल. आणि मला माझ्या मेहुण्याशी बोलावं लागेल," वुओक्कोबाई म्हणाल्या, आणि शेवटचं वाक्य त्यांनी असं उच्चारलं की सगळ्यात कठीण काम तेच असावं.

आता बापाला सांगणं आलं. साइमी तालमीत गेली तेव्हा एन्सियो चकत्या चढवत होता, येरे आणखी दोघांबरोबर बघत उभा होता, आणि कोपऱ्यात इल्मा. ती मुद्दामच आली होती. म्हाताऱ्याला ऐकवलं जाताना बघायचं होतं तिला, दुसरं काय.

साइमीने सांगितलं. वाफेचं, धमन्यांचं, सगळं. एन्सियो ऐकत होता, पण चकत्या चढवणं थांबवलं नव्हतं.

"म्हणजे पेपरातलं खोटं?"

"खोटं नाही. आपल्याला माहीत नाही. तू एकाच गटाला वाफ दिलीस!"

"कमावली त्यांनी."

"बाबा, प्रयोगात कुणी काही कमवत नसतं!"

"हो का?" एन्सियोने शेवटची चकती बसवली. "मी जिंकलो तेव्हा आकडे खरे होते. आठवडाभर विचार केलास, आणि मी हरेन असं काहीतरी शोधून काढलंस. हुशार आहेस. आईवर गेलीस."

ते वाक्य तालमीत असं पडलं की येरेने नजर बुटांवर वळवली. चिडायलाही दम लागतो. साइमीचा तो दम गेला होता. तिने भिंतीकडे जाऊन ते कात्रण फाडायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

"उचल," ती म्हणाली. "काय करायचंय ते कर. पट्टा माझ्याकडे आहे, हात तुझा आहे, आणि रुग्णवाहिकेचा नंबर येरेला पाठ आहे."

एन्सियो बारापाशी वाकला. आणि तेवढ्यात इल्मा मधे आली. अक्षरशः मधे, बारावर पाय ठेवून उभी राहिली.

"आजोबा, एक विचारू? तुम्ही दोन वर्षं सॉनात गेला नव्हतात ना?"

एन्सियोने बारावरची पकड सोडली नाही.

"येरे सांगत होता. चूल तुम्ही पेटवायचात, आणि बाहेर बसायचात. कारण काय? उकडतं?"

"पाय काढ."

"तुमचाच नियम. जड उचललं नाही तर वाफ नाही. तुम्हाला उचलायची बंदी, म्हणून तुम्हाला वाफेची बंदी. दोन वर्षं स्वतःच्याच दाराबाहेर बसलात, आजोबा. आणि म्हणून आता हे उचलताय."

साइमीने बापाकडे बघितलं. बापाने खडूच्या डब्याकडे. आणि तिला कळलं, की हे खरं आहे. "उकडतं मला हल्ली." तिने ऐकलं होतं, आणि धमन्यांचा विचार करत निघून गेली होती.

"नियम सगळ्यांना असतो," एन्सियो शेवटी म्हणाला. आवाज बारीक. "मी किल्लीवाला म्हणून मला वेगळा?"

"वेगळा नको," इल्मा म्हणाली, आणि तिने आपलं ते वाऱ्याने उडणारं डंबेल त्याच्या हातात दिलं. "हे उचला. मी सांगेपर्यंत. सावकाश, खाली नेताना सोडायचं नाही, आणि श्वास धरून ठेवायचा नाही. फक्त बोलत राहा, बोलता येईल तोवर."

"हे?" एन्सियो हसला. बरं वाटलं असावं. हसायला काहीतरी मिळालं. "हे तर मी मांजराला शिकवीन."

त्याने उचललं. खाली आणलं. पुन्हा उचललं. सुरुवातीला तोंड चालू होतं. धूळ किती झटकली, कपाट किती चमकलं, इल्माला असा नवरा मिळो जो याहून जड काही उचलत नाही. येरे खिदळत होता. साइमी बाजूला येऊन उभी राहिली, दोन बोटं बापाच्या दुसऱ्या मनगटावर. मग विनोद लहान व्हायला लागले. मग नुसते "हं" राहिले. इल्मा म्हणत होती, "अजून. अजून. सोडायचं नाही, खाली सावकाश." म्हाताऱ्याचा दंड आधी भरला, मग थरथरला, मग असा लटलटायला लागला की जणू कुणी दुसरंच आतून हलवतंय. घाम भुवईवरून नाकावर आला. हात अर्ध्यावर थांबला. त्याने दात खाल्ले. हात थांबलेलाच.

"श्वास," साइमी म्हणाली. "पुरे. बाबा, पुरे, ठेव."

डंबेल चटईवर पडलं. आवाज एवढासाच झाला.

एन्सियो आपल्या दंडाकडे बघत होता. माणूस आपल्या कुत्र्याकडे बघतो ना, ज्याने पहिल्यांदाच सांगितलेलं ऐकलं नाही, तसा.

"आता सांगा," इल्मा म्हणाली. "कमावलं की नाही?"

एन्सियोने हात चोळला. मग बाराकडे बघितलं, मग इल्माकडे, मग, बराच वेळ, साइमीकडे. माफी वगैरे त्याने मागितली नाही. तसली भाषा त्याला येत नव्हती. त्याने हनुवटी मागच्या दाराकडे केली.

"येरे, चूल पेटव," तो म्हणाला. "आधी मुली. धूळवाली पण."

साइमीला आनंद व्हायला हवा होता, नाही का? तिला संताप आला. इतकी वर्षं शिकायची, यंत्रं शिकायची, पोरांची कॉफी तोडायची, आणि बाप ऐकणार कुणाचं, तर एका बुटक्या पोरीचं आणि एका डंबेलचं. आणि यातून सिद्ध काय झालं? काहीच नाही. एक म्हातारा, एक हात, एक संध्याकाळ. प्रबंधात याची एक ओळही घालता येणार नव्हती.

कात्रण त्याने काढलं नाही. फक्त पुढच्या वेळी ती गेली तेव्हा त्याच्या बरोबर वर एक खिळा ठोकलेला होता, आणि खिळ्यावर एन्सियोची लोकरी टोपी. मथळा टोपीखाली गेला होता. बार कोपऱ्यात, आणि बारावरच्या चकत्या येरेने स्वतःसाठी चढवलेल्या, बापाने नाही.

वुओक्कोबाईंनी मुदत मिळवून आणली, पण अशा चेहऱ्याने की साइमीने उपकार फेडायला कुंडीला स्वतः पाणी घातलं. नवीन मुलं गोळा करायची होती. तिने आधी विचार केला, की पानगळभर सगळ्यांचाच सॉना बंद करावा. हे बेकरीत नुसतं बोलून बघितलं, तर सिर्पाने पाव द्यायचा हात मागे घेतला. एकही मुलगा येणार नव्हता. मग उलटं ठरलं: वाफ सगळ्यांना, सारखी, दर खेपेला. जड असो, हलका असो.

पुढच्या पानगळीत एका संध्याकाळी साइमी मागच्या दाराबाहेरच्या बाकावर बसली होती, जिथे बाप बसायचा. आत हलक्या गटातली मुलं होती, आणि त्यांच्याबरोबर एन्सियो, आपलं डंबेल उचलून कमावलेला. पाण्याची पळी दगडांवर पडल्याचा सणसणाट दाराबाहेर ऐकू येत होता. साइमीच्या मांडीवर या वेळचे पहिले आकडे होते. त्यांच्यातून काय निघणार, जड जिंकेल की हलकं की कुणीच नाही, ते तिला कळत नव्हतं, आणि पुढच्या वसंतापर्यंत कळणार नव्हतं. मानेतले गोळे तसेच.

आतून बापाचा आवाज आला. वरच्या फळीवरून येतो तसा, घुमलेला.

"चांगला आहेस तू. दंड चांगला आहे. पण उद्या असं कर, ते छोटं ठेव, आणि हळूच, साइमीला न सांगता, जरासं जड…"

साइमी उठली, आणि दारावर मुठीने धडाधड मारलं.

"बाबा! माझ्या माणसांपासून लांब!"

आतून एक हसणं दाबल्याचा आवाज. मग पुन्हा पळी, पुन्हा सणसणाट, जरा जास्तच पाणी.

"काही नाही ग," एन्सियो आतून ओरडला. "नेहमीसारखं!"